कुलपाच्या घरात

"अन् लाइट गेली तं?" बबनरावांनी विचारलं.

चिंधूजी स्टुलावर उभे होते, दोन स्क्रू ओठांत धरलेले. ते त्यांनी सावकाश काढून खिशात टाकले आणि मग खाली पाहिलं.

"गेली तं गेली. कुलूप लागलेलंच राह्यते. हे स्प्रिंगवर हाय. तुमी पलंगाजवळचं बटन दाबलं का करंट येते, आतली कॉइल दांडी मागं वढते, दार उघडते. बटन नाई दाबलं तं चोराच्या बापाले बी उघडत नाई."

"अन् मीच बाहेर राह्यलो तं?"

"मंग तुमी बी बाहेर."

स्वयंपाकघरातून घरधनीण देवकाबाईंचं हसणं ऐकू आलं. बबनरावांना ते अजिबात आवडलं नाही. "मजाक नोका करू, चिंधूजी. इथं माह्या जिवाले घोर लागला हाय."

"मजाक नाई करून राह्यलो. त्याच्याचसाठी तं खाली ट्रकची ब्याटरी ठेवली. लाइट नसली तं थे करंट देते. दार उघडनं न उघडनं तुमच्या हाती. चोराच्या हाती नाई अन् लाइटीच्या बी हाती नाई."

एवढं ऐकल्यावर बबनराव खुर्चीत टेकले. कापसाचे व्यापारी, आमच्या सिंदीतलं मोठं घर. त्र्याऐंशी साल होतं. समुद्रपूरला त्यांच्या मेहुण्याकडे भरदिवसा चोरी झाली. घरची मंडळी लग्नाला गेली होती, चोरांनी पितळेची घंगाळंसुद्धा सोडली नाहीत. तेव्हापासून यांची झोप उडाली. चोरी समुद्रपूरला आणि कुलपं सिंदीला, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं गाव हसलं. पण त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? नागपूरच्या एका नातेवाइकाच्या बंगल्यावर त्यांनी विजेचं कुलूप पाहिलं होतं. बटण दाबलं की दार उघडतं, खिडकीला हात लावला की घंटी वाजते. तसंच हवं म्हणाले. नागपूरची माणसं सिंदीला यायला तयार नव्हती, म्हणून मग चिंधूजी.

चिंधूजी ताकसांडे आधी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, वायरमन होते, पुढे स्वतःची कामं घेऊ लागले. मोटारी, पंखे, लग्नातल्या माळा, बुद्धविहारातला लाउडस्पीकर. आधीची तीन भावंडं दगावली म्हणून आईनं याचं नाव चिंधू ठेवलं, म्हणजे मरणाला हेवा वाटू नये. मरणानं खरोखरच ढुंकून पाहिलं नाही. तब्येत खणखणीत, बोलणं थोडकं, आणि काम असं की एकदा लावलेलं बटण दहा वर्षं पाहायला नको. नागपूरला जाऊन त्यांनी ते कुलूप उघडून बघितलं, परत येऊन लोहाराकडून दांडी करून घेतली, कॉइल स्वतः गुंडाळली. आज ते बसवणं चाललं होतं.

तेवढ्यात थांब्यावरचा चहावाला अंगणात आला. त्याला काही सांगावंच लागलं नाही. त्याचं तोंड पाहूनच चिंधूजी स्टुलावरून उतरले.

"थांब्यावर बसल्या हायेत," चहावाला म्हणाला. "पवनारची बस इचारून राह्यल्या."

देवकाबाई हात पुसत बाहेर आल्या. "जा तुमी. काम का कुठी पळून जाते?" बबनरावांनी तोंड उघडलं होतं, त्यांच्याकडे देवकाबाईंनी असं पाहिलं की ते मिटलं.

थांब्यावर चिंधूजींच्या पत्नी कांताबाई ताठ बसल्या होत्या. केस चापून विंचरलेले, ठेवणीतलं हिरवं लुगडं, मांडीवर कापडी थैली. पाहणाऱ्याला वाटावं, बाई माहेरी निघाली. त्यांना तसंच वाटत होतं.

"कांता, चाल घरी."

"घरीच तं जाऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "माय वाट पायते. तुमी कायले आले? कामावर नाई गेले?"

त्यांची आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. चिंधूजींनी पहिल्या पहिल्यांदा हे सांगून पाहिलं होतं. सांगितलं की कांताबाई नव्यानं रडत, जणू बातमी आत्ताच आली. म्हणून त्यांनी सांगणं सोडलं. आता ते म्हणत, "बस गेली वो. उद्या जाऊ." त्यावर कांताबाई "असं का," म्हणून उठत आणि मुकाट्यानं बरोबर चालू लागत. त्या चालण्यात एक आज्ञाधारकपणा होता, तो बघवत नसे. ही बाई कधीच कोणाचं मुकाट्यानं ऐकणारी नव्हती.

कांताबाई म्हणजे काय होत्या हे सांगायला पाहिजे. रविवारी विहारात वंदना त्या म्हणवून घेत. आवाज असा की मागच्या ओळीतली पोरं खोड्या सोडून हात जोडत. अख्ख्या वस्तीत कोणाची लेक कुठे दिली, कोणाला कितवा महिना, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, सगळं तोंडपाठ. भांडायला उभ्या राहिल्या तर समोरच्याचं काही खरं नसे. मुलीचं लग्न त्यांनीच ठरवलं, पार भिलाईला दिली, आणि गाडीत बसवताना स्वतः न रडता चिंधूजींना दटावलं, "डोये पुसा. जावई पायते." अशी बाई. आधी वरणात मीठ दोनदा पडू लागलं. मग न पेटवलेल्या चुलीवर तवा. मग मुलगी माहेरपणाला आली तर तिला विचारलं, "तू कोनाची वो बाई?" मुलगी न्हाणीत जाऊन रडली. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. याला औषध नाही, म्हणाले. सांभाळा.

सांभाळा म्हणणं सोपं. चिंधूजी कामाला न जाऊन चालायचं नाही, आणि ते गेले की कांताबाई पवनारला निघत. कधी थांब्यावर सापडत, कधी बाजारात, एकदा रुळांच्या कडेनं चालताना. भिलाईची लेक दोघांना घेऊन गेली होती, पण तिथे कांताबाई रात्रंदिवस दारापाशी उभ्या राहू लागल्या, म्हणून महिन्याभरात परत आणावं लागलं.

मग चिंधूजींनी कुलूप लावलं. साधं, किल्लीचं, बाहेरून.

शेजारच्या सुलोचनाबाईंनी ते पाहिलं तेव्हा त्या ओट्यावरून खाली उतरल्या. "भाऊ, मानूस आत असताना भायेरून कुलूप? ढोराले बांधलं तं त्याचं दावं तं दिसते."

"मंग मी का करू, बाई?"

सुलोचनाबाई पुन्हा आपल्या ओट्यावर चढल्या. आमच्याकडे दिवसा दाराला कुलूप दिसलं म्हणजे घरात कोणी नाही. यात शंका घ्यायची पद्धत नाही. पोस्टमन शेजारी पत्र देतो, पाहुणा शेजाऱ्याकडे पाणी पितो आणि आल्या पावली परत जातो. कुलूप लावलेल्या दाराला कान लावणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर वसुलीवाला.

एके दिवशी सुलोचनाबाई बाजाराला गेल्या होत्या; चिंधूजी कामावरून आले तेव्हा कडीला पिशवी लटकलेली होती. आत वांगी. धाम नदीच्या काठची, जांभळी, काटेरी. त्यांनी कुलूप उघडलं. कांताबाई दाराच्या आत, अगदी लागून, जमिनीवर बसल्या होत्या.

"रामाजी आलता," त्या म्हणाल्या.

रामाजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, पवनारला शेती करणारा. जेवण झालं की नाही हे त्या बाईला आठवत नव्हतं, पण भावाचा खोकला ओळखला होता. "वट्ट्यावर बसला होता. लय येळ. खोकत होता. मंग गेला."

"मंग तू आवाज काऊन नाई देला?"

कांताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या बावळट पोराकडे पाहावं. "कुलूप होतं ना. कुलपाच्या घरात कोनी राह्यते का?"

चिंधूजींनी ते कुलूप त्या दिवशी मागच्या विहिरीत टाकलं. किल्लीसकट. वांगी सुलोचनाबाईंनी रांधली, पण चिंधूजींनी ताट तसंच सरकवून ठेवलं.

बबनरावांचं दार करताना त्यांच्या डोक्यात हे घोळत होतं. विजेचं कुलूप बाहेरून दिसत नाही. दार नुसतं लोटलेलं दिसतं. रामाजी आला तर हाक मारील, आतून उत्तर मिळेल, सुलोचनाबाई येऊन उघडतील. कांताबाई कुलपाच्या घरातली होणार नाही.

पण तसं स्प्रिंगचं कुलूप त्यांना घरी नको होतं. जिनिंगमध्ये असताना एकदा रुईच्या गोदामाला आग लागली आणि शटर आतून उघडेना. आतला चौकीदार शेवटी निघाला, पण कसा निघाला ते चिंधूजींनी पाहिलं होतं. घरात चूल होती, कांताबाईंचे हात होते आणि त्या हातांना आता काही आठवत नव्हतं. म्हणून त्यांनी उलटं कुलूप केलं. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. लाइट आहे तोवर ती पट्टी धरून ठेवते, लाइट गेली की सोडते. शेतकऱ्यांना ती माहीत आहे. लाइट गेली की स्टार्टर पडतो, तो तिच्यामुळे. एका जुन्या स्टार्टरची ती कॉइल त्यांनी चौकटीत बसवली आणि दाराला लोखंडी पट्टी. करंट आहे तोवर दार धरलेलं. वायर जळली, आग लागली, काहीही झालं आणि करंट तुटला, की दार मोकळं. येण्याजाण्यासाठी बाहेर ओट्यावर मीटरच्या पाटीमागे एक लपवलेलं बटण. आणि दार उघडलं की सुलोचनाबाईंच्या घरात घंटी. ती सेलवर, म्हणजे लाइट नसतानाही वाजणारी.

"म्हंजे लाइट गेली का बाई मोकळी," सुलोचनाबाई म्हणाल्या, "अन् मी कामाले लागली."

"तुमच्यावर भार पडते, बाई. मी समजतो."

"भार कायचा? माह्या बाळंतपनात तिनं माहे पाय चेपले. आता माही पाळी हाय."

कुलूप बसलं. करंट चालू असताना ती कॉइल बारीक गुणगुणायची. कांताबाईंना पहिले दोन दिवस वाटलं भिंतीत भुंगा शिरला. त्या भिंतीला कान लावून बसत, त्याच्याशी बोलत. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. गुणगुण थांबली, खट् आवाज झाला आणि दार बोटभर सरकलं.

त्यानंतर जे झालं ते डॉक्टरनं ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. ज्या बाईला सकाळचं संध्याकाळी आठवत नव्हतं, ती हे शिकली. लाइट गेली की दार उघडतं आणि दार उघडलं की पवनारला जायचं. सिंदीत लाइट जायची, यात काही नवल नव्हतं. लाइट गेली की गाव शिव्या घाली, चक्की थांबे, बबनरावांचा रंगीत टीव्ही बंद पडे. अख्ख्या गावात एकट्या कांताबाई आनंदत. लगबगीनं केस विंचरत, थैली घेत आणि ओट्यावर येत. तोवर घंटी ऐकून सुलोचनाबाई पदराला हात पुसत पोचलेल्या असत.

"निंगाल्या का, बाई?"

"हो. माय वाट पायते."

"चाला, मी बी येतो."

दोघी थांब्याकडे चालत. वाटेत कांताबाई प्रत्येकाला सांगत, पवनारले जाऊन राह्यली. लोकही शहाणे, म्हणत, "जाजो बाई, सांभाळून जाजो." थांब्यावर बाकावर बसत. चहावाला अर्धा अर्धा कप देई. मग सुलोचनाबाई म्हणत, "बस गेली वो. उद्या जाऊ," आणि दोघी परत फिरत. त्या दिवशी कांताबाई पोटभर जेवत आणि रात्री शांत झोपत. चिंधूजींना एकदा वाटलं, हे कुलूप आपण तिला कोंडायला केलं, पण ते तिला रोज माहेरची वाट उघडून देतंय. बरं वाटलं त्यांना. खूप दिवसांनी बरं वाटलं.

दिवाळी गेली, थंडी गेली. रामाजी दोनदा येऊन बहिणीजवळ बसून गेला. फाल्गुनात सुलोचनाबाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला.

बाळ अशक्त होतं. जरा आवाज झाला की दचकायचं, मग तासभर थांबायचं नाही. एका सकाळी सुलोचनाबाई बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. लाइट गेली, घंटी वाजली, बाळ काळंनिळं होईस्तोवर रडलं. तेलाच्या हातांनी, पायांवरचं लेकरू टाकून उठायचं कसं? लेक खाटेवर, तिला उतरायची मनाई. बाळाला निजवून, हात धुऊन त्या बाहेर पडल्या तेव्हा ओटा रिकामा होता. थांब्यावर कोणी नव्हतं. रेल्वे फाटकाच्या माणसानं कांताबाईंना हाताला धरून आणलं. मालगाडी जात होती आणि बाई तिच्या अगदी जवळ उभी राहून डबे पाहत होती, तो म्हणाला.

संध्याकाळी सुलोचनाबाई चिंधूजींसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आवरेना. "भाऊ, माह्यानं नाई होत आता. लेकरू हाय वो घरात. मी कोनाकडं पायू?"

"तुमी नोका रडू," चिंधूजी म्हणाले. "तुमचं काई चुकलं नाई. बाळ मोठं होईस्तवर मी दुसरं करतो काई तरी. महिन्या-दीड महिन्याचा तं सवाल हाय."

सुलोचनाबाईंचं चुकलं नव्हतं हे खरंच. चिंधूजींचंही नव्हतं. कोणाच्या तरी माथी मारता आलं असतं तर बरं झालं असतं, पण या गोष्टीत तशी सोय नाही. त्यांनी घंटी काढली. कॉइलही काढली, आणि बबनरावांच्या दाराला होतं तसं स्प्रिंगचं कुलूप आपल्या दाराला बसवलं, बबनरावांकडून एक जादा बॅटरी उसनी आणून. लाइट असो नसो, लागलेलं. आगीची भीती होती म्हणून स्टोव्ह, काड्यापेटी, रॉकेलचा डबा सुलोचनाबाईंकडे नेऊन ठेवला. कांताबाईंसाठी भाकरी, भाजी, पाण्याचा तांब्या झाकून ठेवला. भिंत आता गुणगुणत नव्हती. कांताबाई तिला कान लावून बसल्या आणि म्हणाल्या, "भुंगा मेला वाटते."

पुढे दोन दिवस लाइट गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी चिंधूजींना समुद्रपूरला जावं लागलं. बबनरावांच्या मेहुण्यालाही तसलीच कुलपं हवी होती, चोरी होऊन गेल्यावर.

लाइट दुपारी गेली आणि दिवेलागणीपर्यंत आली नाही. सुलोचनाबाईंनी नंतर जे सांगितलं ते एवढंच, की आधी दार हलवल्याचा आवाज आला. मग थोडं थांबून पुन्हा. त्या बाळाला खांद्यावर टाकून दाराशी गेल्या, म्हणाल्या, "थांब वो बाई, भाऊ येऊन राह्यले." आतून कांताबाई म्हणाल्या, "लाइट गेली ना?" सुलोचनाबाई म्हणाल्या, "हो, गेली." "मंग?" आतून प्रश्न आला. एवढाच. बटण कुठं आहे ते त्यांना ठाऊक होतं. हात तिथवर गेलाही होता. पण खांद्यावर बाळ, आणि डोळ्यांसमोर ती मालगाडी. हात मागं घेतला.

चिंधूजी शेवटच्या बसनं उतरले आणि अंधारातच ओट्यावर चढले. बटण दाबलं, बॅटरीवर दांडी मागं सरकली, पण दार उघडेना. पलीकडे काही तरी टेकलेलं होतं. त्यांनी हळूहळू लोटलं. कांताबाई दाराला पाठ लावून बसल्या होत्या. हिरवं लुगडं नेसलेलं, केस विंचरलेले. थैली मांडीवर. लुगडं ओलं झालं होतं. दाराच्या फळीवर, कडीच्या बाजूनं, नखांनी ओरखडलेलं होतं. उजव्या हाताच्या बोटांतून रक्त येऊन वाळलं होतं. भाकरी तशीच झाकलेली.

"कांता," ते म्हणाले. "मी आलो वो."

त्यांनी पाहिलं, पण त्या पाहण्यात ओळख नव्हती. चिंधूजींनी पाणी आणलं, त्यांना धुऊन काढलं, लुगडं बदललं, बोटांना हळद लावली. लहान लेकरासारखं सगळं करून घेतलं त्यांनी. नंतर चिंधूजी न्हाणीच्या दगडावर बसले आणि तोंडात पंचा कोंबून रडले. एवढी वर्षं संसार केला त्या बाईबरोबर, आणि तिनं दार वाजवलं तेव्हा ते समुद्रपूरला दुसऱ्याच्या घंगाळांना कुलूप लावत होते.

सकाळी त्यांनी कुलूप काढलं. चौकटीतून वायर उपटली, बॅटरी बबनरावांकडे परत नेऊन दिली, सुलोचनाबाईंकडून स्टोव्ह आणि काड्यापेटी परत आणली. दार सताड उघडं टाकलं आणि स्वतः ओट्यावर बसले. जाऊ दे कुठं जायचं ते, मी मागून जाईन. कामं राहू देत. खायला भाकरी मिळाली नाही तर लेक आहे.

पण कांताबाई उठल्याच नाहीत. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. लाइट गेली की चिंधूजी मुद्दाम मोठ्यानं म्हणत, "लाइट गेली वो कांता! पवनारची बस लागली असन." त्या ऐकून घेत. सुलोचनाबाई बाळ घेऊन आल्या, म्हणाल्या, "चाला ना बाई, मी बी येतो." कांताबाईंनी बाळाच्या गालाला हात लावला, हसल्या, आणि तशाच बसून राहिल्या. रामाजी आला, बहिणीचा हात धरून म्हणाला, "बाई, चाल, मी न्याले आलो." त्यांनी हात सोडवून घेतला. जे थांबावं म्हणून या माणसानं एवढा खटाटोप केला ते थांबलं होतं. आता ते परत यावं म्हणून त्याचा जीव तुटत होता.

चैत्रात एका संध्याकाळी पुन्हा लाइट गेली. गावानं नेहमीच्या शिव्या घातल्या. चिंधूजी आत कांताबाईंच्या समोर चटईवर बसले होते. दार उघडं होतं. रस्त्यावरून शेळ्या घरी परतत होत्या, सुलोचनाबाईंच्या अंगणात बाळाची दुपटी वाळत होती, सगळं बसल्या जागेवरून दिसत होतं.

कांताबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आदबीनं विचारलं, "बापू, तुमी कोनाकडचे?"

"इथलाच हाय, बाई."

"पानी देऊ?"

"नाई, राहू द्या."

"थे घरी नाईत ना. थे आले का चहा करतीन." त्या जराशा संकोचल्या. घरी आलेल्या माणसाचं काही करता येत नाही याचा संकोच. "तुमाले जाचं असन तं थांबा लागन. दार लागलं हाय."

चिंधूजींनी दाराकडे पाहिलं. "दार तं उघडं हाय, बाई. थे पाहा, रस्ता दिसते."

"नाई वो," कांताबाई म्हणाल्या. त्यांचा सूर समजावणारा होता, पूर्वी विहारात नव्या पोरांना समजावत तसा. "पयले उघडे. लाइट गेली का उघडे. आता लाइट गेली तरी नाई उघडत. थे आले पायजे."

चिंधूजी उठले. काय करायचं हे ठरवून उठले नव्हते. कांताबाई पाहत नाहीत अशा बेतानं बाहेर आले, दार मागं ओढून घेतलं, आणि स्वतःच्याच ओट्यावर उभे राहिले. पलीकडून सुलोचनाबाईंनी विचारलं, "का झालं, भाऊ?" त्यांनी हातानंच काही नाही म्हटलं. पायांत चपला घातल्या. तोंडावरून हात फिरवला. मग घसा खाकरला आणि दार लोटलं.

"कांता, आलो मी."

कांताबाईंनी वर पाहिलं आणि पदर सावरला. कपाळाला आठी घातली, ती जुनी, हक्काची.

"लय वेळ लावला आज. एक बापू आलते. कवाचे बसले होते तुमच्यासाठी."

"कोन होते?"

"नाव नाई सांगतलं. पानी बी नाई घेतलं." त्या समोरच्या रिकाम्या चटईकडे पाहत होत्या. "चांगले होते बिचारे. दार लागलं म्हून बसून राह्यले माह्याजवळ."

"येतीन पुन्हा," चिंधूजी म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, अंधारात चाचपडत स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.